हॉट सीटवरून घरी आल्यावर: टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेनंतर होणाऱ्या टीकेला कसं तोंड द्यायचं

पुढीलपैकी कोणता किल्ला पुणे जिल्ह्यात नाही? पर्याय होते राजगड, तोरणा, प्रतापगड आणि सिंहगड. मी राजगड लॉक केला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत १८ वर्षं इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन जवळजवळ दर हिवाळ्यात प्रतापगडावर जाते. त्या क्षणी घड्याळाचे ४५ सेकंद पळत होते, समोर दिवे होते, आणि वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ हा शब्द माझ्या डोळ्यांनी वाचलाच नाही. पुणे जिल्ह्यातला किल्ला शोधला, पहिला सापडला तो सांगितला. सहावा प्रश्न होता. १० हजार रुपये घेऊन उठले.

भाग लागला त्या रात्री साडेदहाच्या आत २२ सेकंदांची क्लिप फिरायला लागली. वर पट्टी होती, ‘ही इतिहासाची शिक्षिका’. महाराष्ट्रात गडकिल्ल्यांवर चुकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पुढचे तीन आठवडे मी जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. ज्यांचं चित्रीकरण झालंय पण भाग लागायचा आहे, किंवा काल लागला आणि आज फोन उचलायचा धीर होत नाही, त्यांनी हा वाचावा. जिंकलेल्यांनीही वाचावा, कारण जिंकलेल्यांना बोलणारे कमी नसतात.

१. भाग लागेपर्यंतचे दिवस हातचे घालवू नका

चित्रीकरण आणि प्रसारण यांच्या मधे काही दिवस, कधी काही आठवडे जातात. निकाल बाहेर फोडायचा नाही असं करारात लिहिलेलं असतं आणि ते पाळायलाच हवं. पण तयारी करायला कोणी अडवलेलं नाही.

पहिलं काम म्हणजे घरी आल्या आल्या वहीत सगळं लिहून काढा. किती वाजता बसलात, सूत्रसंचालकांनी काय विचारलं, तुम्ही काय म्हणालात, कुठे अडखळलात, कोणती लाईफलाईन का वापरली किंवा का राखून ठेवली. ही वही कोणाला दाखवायची नाही. ती तुमच्यासाठीच आहे. हॉट सीटवर बराच वेळ चाललेलं बोलणं काटछाट होऊन थोडक्यात दिसतं, आणि भाग चार वेळा पाहिला की आपल्यालाही तो तुकडाच खरा वाटायला लागतो. मी राजगड म्हणण्याआधी जवळजवळ अर्धा मिनिट थांबले होते. दिसताना मात्र मी ताडकन बोलल्यासारखी दिसले. यात कोणाचं कारस्थान नव्हतं. कार्यक्रम असाच कापला जातो. पण माझ्याकडे वही नव्हती, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापर्यंत मलाही वाटायला लागलं की आपण विचार न करताच बोललो.

दुसरं काम फोनचं. फेसबुकचं प्रोफाइल लॉक करा. इन्स्टाग्राम खाजगी करा. व्हॉट्सअॅपवर फोटो कोणाला दिसावा आणि तुम्हाला ग्रुपमध्ये कोणी घालावं, या दोन्ही गोष्टी ‘फक्त ओळखीचे’ वर आणा. मुलांचे गणवेशातले फोटो काढून टाका, कारण गणवेशावरून शाळा कळते. घरासमोर गाडीशेजारी उभं राहून काढलेला फोटोही काढा, त्यात गाडीचा नंबर आणि घराची खूण दोन्ही असतं. फोन नंबर कुठे कुठे उघडा पडला आहे ते बघा: जुनी विक्रीची जाहिरात, गृहनिर्माण संस्थेची यादी, शिकवणीचं पत्रक. दहा वर्षांपूर्वी रागात लिहिलेली एखादी पोस्ट आठवत असेल तर तीही शोधा. भाग लागल्यावर लोक पहिल्यांदा तीच शोधतात.

तिसरं काम जड आहे. ज्यांना तुमच्यामुळे बोलणी खावी लागू शकतात त्यांना आधी सांगा. मुख्याध्यापक, कार्यालयातले साहेब, आई-वडील, शाळेत जाणारी मुलं. निकाल न सांगताही हे सांगता येतं: “अमुक तारखेला माझा भाग आहे. लोक बोलतील, कौतुकही करतील आणि टीकाही. कोणी काही विचारलं तर मला विचारा म्हणावं.” मी हे सांगितलं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापकांना माझी क्लिप एका पालकाकडून कळली, आणि ते मला अजून लागतं.

आणि चौकात फ्लेक्स लावू देऊ नका. गावाकडे हॉट सीटवर कोणी बसलं की भाग लागायच्या आधीच ‘गावाची शान’ असा फलक उभा राहतो. प्रेमानेच लावतात. पण निकाल मनासारखा नसला तर त्याच फलकासमोर फोटो काढून मीम होतं. मित्रमंडळींना हात जोडून सांगा, भाग होऊ दे, मग बघू.

२. त्या रात्री

भाग चार माणसांत बघा. मोठा पडदा लावून गल्लीला बोलावू नका. तुमचा फोन अशा माणसाकडे द्या जो चिडणार नाही. माझा फोन माझ्या जावेने घेतला, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या रात्री तो माझ्याच हातात होता, आणि पहाटे अडीचपर्यंत मी वाचत होते.

हे का टाळायचं, ते सांगते. पहिल्या रात्री जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं पूर्ण भाग न पाहिलेल्यांनी लिहिलेलं असतं. आपण मात्र प्रत्येक वाक्य आपल्याला ओळखणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखं वाचतो. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, तेव्हा भाग एकदा दिसला की संपला. बोलणारे बोलायचे ते पारावर, ऑफिसात, लोकलच्या डब्यात, आणि आपल्या कानावर त्यातलं थोडंच यायचं. आता पारावरचं प्रत्येक वाक्य नाव-गावासकट आपल्या खिशात येऊन पडतं. बोलणारी माणसं तशीच आहेत. आपण ती सगळी ऐकायला बसतो, एवढाच फरक पडला आहे.

३. आलेल्या बोलण्याचे ढीग करा

दुसऱ्या दिवशी सकाळी, शक्यतो दुसऱ्या कोणाच्या मदतीने, ढीग पाडा. माझ्या अनुभवात चार ढीग पडतात.

पहिला ढीग म्हणजे चूक दाखवणारे. “प्रतापगड सातारा जिल्ह्यात आहे, जावळीच्या खोऱ्यात.” “लाईफलाईन शिल्लक असताना का नाही वापरली?” यांत शिवी नसते. भाषा कोरडी असेल, पण मुद्दा असतो. हा ढीग लहान असतो आणि सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा असतो. मला एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं की प्रश्न दोनदा वाचायला मुलांना आपणच शिकवतो ना बाई. त्या एका वाक्याने मी जितकी रडले तितकी शेकडो शिव्यांनी रडले नाही. त्यांना मी उत्तर पाठवलं: “हो सर, तेच चुकलं.” एवढंच. त्यांचा उलट फोन आला आणि आम्ही अर्धा तास बोललो.

दुसरा ढीग खिल्लीचा: मीम, रील, नकला. याला उत्तर नसतं. मोठमोठ्यांना हे चुकलेलं नाही. २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या एका विशेष भागात अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांना हनुमानाने संजीवनी कोणासाठी आणली असा प्रश्न आला, आणि त्यांनी लाईफलाईन घेतली. त्यावरून देशभर खिल्ली उडाली. त्यांनी आपल्याला शाळेतलं आणखी काय काय आठवत नाही याची यादीच लिहिली आणि मीम करायचीत तर करा म्हणून सांगितलं. त्यांना ते शोभलं. त्यांच्यामागे चाहते होते, कामं होती, बोलायची सवय होती. आपण तसं करायला गेलो तर आपल्याला उद्धट म्हणतात. खिल्लीला प्रतिसाद न मिळाला की ती दुसऱ्याकडे वळते. तिला आठवडा-दहा दिवस द्या.

तिसरा ढीग शिव्यांचा. जात, बाईपण, रंग, साडी, उच्चार, गाव. “आरक्षणातून लागलेली असणार” हे मला किती जणांनी लिहिलं ते मी मोजायचं सोडून दिलं. या माणसांना प्रतापगडाशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्याकडे हे सगळं आधीपासूनच भरलेलं असतं आणि ओकायला एक चेहरा मिळतो. यांना उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं, आणि ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा. कारण यातलं काही चौथ्या ढिगात जाऊ शकतं.

चौथा ढीग गुन्ह्यांचा: धमकी, घराचा पत्ता पसरवणं, फोटोत फेरफार करून टाकणं, तुमच्या नावाने खोटं खातं उघडणं, जातीवाचक शिवी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

ढीग करणाऱ्याला एकच सूचना द्या: पहिला आणि चौथा मला दाखव, मधले दोन तुझ्याजवळच ठेव. मधल्या दोन ढिगांत काय होतं हे मला आजही पूर्ण माहीत नाही, आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

४. उत्तर द्यायचं तर एकदाच

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. पहिल्या रात्री मी चाळीसेक जणांना उत्तरं दिली. बहुतेक ठिकाणी नम्र होते. एका ठिकाणी लिहिलं, “तुम्ही येऊन बसा त्या खुर्चीवर, मग कळेल.” पहाटेपर्यंत त्याचाच स्क्रीनशॉट फिरत होता आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा झाला, ‘चूक मान्य करण्याऐवजी शिक्षिकेची अरेरावी’. बाकीची ३९ उत्तरं कोणी वाचली नाहीत.

रागात बोललेलं वाक्य किती लांब जातं याचं मोठं उदाहरण बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार यांचं आहे. २०११ मध्ये त्यांनी ‘केबीसी’त ५ कोटी जिंकले. २०२० मध्ये त्यांनी स्वतः फेसबुकवर सविस्तर लिहिलं की त्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ होता. पत्रकार सारखे विचारायचे, आता काय करता, पैशांचं काय केलं. एकदा एका पत्रकाराच्या प्रश्नाने ते वैतागले आणि सांगून टाकलं की पैसे संपले, दोन गाई आहेत, दूध विकून भागतं. ती बातमी सगळीकडे गेली. ५ कोटी जिंकलेला माणूस कंगाल झाला, हेच लोकांना लक्षात राहिलं. त्यांचं ते लिखाण प्रामाणिक आहे आणि मी ते दोनदा वाचलं. त्यातून घेतलेला धडा असा की त्रासलेले असाल तेव्हा फोन उचलू नका. पत्रकाराचं काम प्रश्न विचारणं आहे. तो फोन उद्या घेतला तरी चालतो.

तेव्हा निवेदन एकच करा, आणि भाग लागल्यानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करा. लिहून एका तटस्थ माणसाला दाखवा. चार वाक्यांपेक्षा जास्त नको. मी आज लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

“माझं उत्तर चुकलं. प्रतापगड सातारा जिल्ह्यात आहे. प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द मी वाचला नाही, ती चूक माझीच. ज्यांनी समजुतीने लिहिलं त्यांचे आभार.”

बघा, यात काय नाही. दिव्यांचा झोत नाही, दडपण नाही, कापाकापी नाही, सूत्रसंचालकांनी घाई केली असंही नाही. हे सगळं खरं असलं तरी लिहायचं नाही, कारण सबब दिसली की त्या सबबीवर नवी टीका सुरू होते. “भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व” हेही घालू नका. किल्ला ओळखता न येणं हा कोणाच्या भावनांवरचा हल्ला नाही, आणि एकदा माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. चुकीची कबुली आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरोबर उत्तर मात्र स्वतःच्या हाताने लिहा. मला वाटतं सगळ्यात जास्त काम तेच वाक्य करतं.

एखादी वाहिनी ‘तुमची बाजू’ ऐकायला बोलावेल. पहिल्या आठवड्यात जाऊ नका. तिथे पुन्हा तीच क्लिप लावूनच तुम्हाला बोलायला लावतात.

५. ज्यांना उद्या भेटायचं आहे त्यांच्याकडे आधी जा

मला या सगळ्यातून जे कळलं ते हेच. अनोळखी लाख माणसांना तुम्ही काही समजावू शकत नाही. पण तुमची काही माणसं ठरलेली असतात: वर्ग, शेजार, माहेर-सासर, दूधवाला, बँकेतली खिडकी. त्यांच्याशी तुमचं रोजचं देणंघेणं आहे, आणि उत्तर द्यायचं ते त्यांना. आपण नेमकं उलटं करतो. फोनवर भांडत बसतो आणि शेजारच्या काकूंना टाळतो.

मी चार दिवस रजा टाकली होती. पाचव्या दिवशी नववीच्या वर्गात गेले तेव्हा इतकी शांतता होती की पंख्याचा आवाज येत होता. फळ्यावर प्रश्न लिहिला, जसाच्या तसा, चारही पर्यायांसकट. म्हटलं, “बाई इथे चुकल्या. का चुकल्या सांगा.” शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, ‘नाही’ खाल्लात.” सगळे हसले, मीही हसले, आणि नंतरची ३५ मिनिटं आम्ही जावळी, चंद्रराव मोरे आणि १६५६ यांवर बोललो, कारण प्रतापगड तिथे का उभा राहिला हे त्यांना विचारावंसं वाटत होतं. मी पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर क्लिप येते आणि त्याखाली हसरे चेहरे येतात. ते मुद्दाम केलेलं नसतं, पण लागतं. ग्रुप सोडू नका, त्याची वेगळी चर्चा होते. ज्यांनी टाकली त्या काका-मामांना स्वतंत्र फोन करा आणि साधेपणाने सांगा, “मामा, ती क्लिप नका पुढे पाठवू, मला त्रास होतो.” माझ्या अनुभवात समोरासमोर असं सांगितल्यावर कोणी उलट बोलत नाही.

पैशाबद्दलही बोलणं होतं, आणि जिंकलेल्यांना त्याचाच त्रास जास्त. पडद्यावर आकडा दिसला की तो पूर्ण हातात आला असं सगळे धरून चालतात. अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के कर लागतो, वर त्या करावर ४ टक्के उपकर, आणि त्यातून कुठलीही वजावट मिळत नाही. म्हणजे ३ लाख २० हजार जिंकले तर ९६ हजार आधीच कापून येतात, विवरणपत्र भरताना आणखी ३,८४० जातात, आणि हाती उरतात २ लाख २० हजार १६०. ५० लाखांच्या वर गेलात तर अधिभारही लागतो. हा हिशेब घरच्यांना एकदा कागदावर मांडून दाखवा. “जिंकले एवढे आणि लग्नात आहेर केवढा” असली कुजबुज त्याने बरीच थांबते. बाहेरच्या कोणाला हिशेब द्यायची गरज नाही.

६. गुन्हा झाला असेल तर

टीका करणं गुन्हा नाही, थट्टाही नाही. हे मनाशी पक्कं ठेवा, नाहीतर पोलीस ठाण्यात चकरा होतात आणि हाती काही लागत नाही. ‘६६-अ’ लावा असं अजूनही कोणी कोणी सांगतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं.

पण खालील गोष्टी गुन्हा आहेत, आणि त्यांत संकोच करू नका. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. बाईचा ऑनलाइन पाठलाग करण्याला कलम ७८, तिच्या अप्रतिष्ठेसाठी केलेल्या बोलण्या-लिहिण्याला ७९. तुमचा फोटो-नाव वापरून खोटं खातं उघडून कोणी फसवत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क आणि ६६-ड ही कलमं, अश्लील मजकुराला ६७. अनुसूचित जाती-जमातींमधल्या व्यक्तीला सर्वांसमोर जातीवरून हिणवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बदनामी कलम ३५६ मध्ये येते, पण तिथे पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. दंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार करावी लागते आणि वर्षं जातात. माझं मत विचाराल तर बदनामीच्या वाटेला फार विचार करूनच जा. धमकी आणि पाठलागाच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका.

पुरावा असा ठेवा: स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि पूर्ण मजकूर दिसायला हवा. त्या पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, कारण खात्याचं नाव बदलता येतं. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण असेल तर ते सोपं जातं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा. बाई किंवा मुलांविरुद्धच्या अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवता येणाऱ्या, गुन्ह्याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. “आमच्या हद्दीत नाही” असं म्हणाले तर झिरो एफआयआर घ्या म्हणून सांगा. कोणी घरापर्यंत आलं तर ११२.

मी एकाच माणसाविरुद्ध तक्रार केली. त्याने माझ्या मुलीच्या शाळेचं नाव लिहिलं होतं. ठाण्यात एकटी गेले नाही, एक वकील मैत्रीण सोबत होती. ती बोलली तेवढं मला बोलता आलं नसतं.

७. खुर्चीवर मूल असेल तर

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘केबीसी’त पाचवीतला एक मुलगा आला होता. नियम सांगू नका, पर्याय नकोत, लॉक करा, अशा घाईत खेळला आणि रामायणावरच्या प्रश्नाला चुकून काही न जिंकता परतला. पुढचे कितीतरी दिवस देशभरातली मोठी माणसं त्या पोरावर आणि त्याच्या आई-बापांच्या संस्कारांवर तुटून पडली. मला तेव्हा झोप लागली नाही. दहा वर्षांच्या मुलाचा उतावळेपणा मी रोज वर्गात बघते. तो मोठा होतो आणि जातो. क्लिप जात नाही.

मुलाला पाठवणार असाल तर भाग लागायच्या आठवड्यात त्याच्या हातात फोन देऊ नका, आणि का देत नाही हेही सांगा. शाळेला कळवा. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की मधल्या सुट्टीत लक्ष असू द्या, कारण मुलांना बातमी फोनवरून कळण्याआधी वर्गात कळते. आई-वडिलांनी मुलाच्या वतीने माध्यमांशी भांडू नये, मुलाकडून कॅमेऱ्यासमोर माफी मागून घेऊ नये. वागणं चुकलं असेल तर ते घरात सांगायचं, एकदा. मदत लागली तर चाइल्डलाइन १०९८.

८. गोड बोलणारे

टीव्हीवर चेहरा दिसला की फोन येतात: तुम्हाला बक्षिसाचा दुसरा हप्ता मिळायचा आहे, शुल्क भरा, तुमची बदनामीची क्लिप आम्ही पुसून देतो, १५ हजार द्या. ‘केबीसी’च्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचे मेसेज तर वर्षानुवर्षं फिरत आहेत. खरं बक्षीस मिळवायला आधी पैसे भरावे लागत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते.

९. झोप गेली तर

दोन आठवडे मी रात्री तीनला उठत होते. जेवण कडू लागायचं, वर्गात खडू हातात घेतला की हात थरथरायचा. मी हे कोणालाच सांगितलं नाही, कारण एका प्रश्नावर चुकल्याचं एवढं काय, असं मलाच वाटत होतं. पण शरीराला कारण लहान आहे की मोठं ते कळत नाही. दहा दिवसांच्या वर झोप नसेल, घराबाहेर पडावंसं वाटत नसेल, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार एकदाही मनात आला असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी लावला होता. पलीकडच्या ताईंनी मला सल्ला दिला नाही, नीट ऐकून घेतलं आणि जवळच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

१०. क्लिप परत येते

हे आधीच माहीत असलेलं बरं. नवं पर्व सुरू झालं, कोणी दुसरं चुकलं, शिवजयंती आली, की जुनी क्लिप कोणीतरी वर काढतं. सोनाक्षी सिन्हांच्या त्या प्रश्नाचा विषय २०२४ च्या डिसेंबरमध्ये, पाच वर्षांनी, पुन्हा निघाला आणि त्यांना पुन्हा बोलावं लागलं. दुसऱ्या वेळी नवं निवेदन करायचं नाही. जुनं आहे तेच राहू द्या. घरच्यांना एक मेसेज, “परत आली आहे, दोन दिवसांत जाईल”, आणि कामाला लागा. खातं, पत्ता, फोटो यांची तपासणी मात्र पुन्हा एकदा करा.

गेल्या डिसेंबरात सहलीची बस आंबेनळी घाटात होती. मागच्या बाकांवरून माझाच आवाज ऐकू आला. “राजगड. लॉक करा.” कोणीतरी फोनवर लावलं होतं आणि घाबरून लगेच बंद केलं. मी उठून मागे गेले आणि म्हटलं, लाव परत, मोठ्याने लाव. सगळ्या बसने ऐकलं. मग विचारलं, बाईंनी कोणता शब्द वाचला नाही?

“नाही!” चाळीस पोरं एकदम ओरडली, आणि ड्रायव्हरकाकांनी दचकून आरशात पाहिलं.